तालीम, कवाईत आणि शिदोरी

बालाघाटाच्या डोंगररांगेत, धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यात, येरमाळा हे गाव आहे. सोलापुराहून धुळ्यास जाणारा हमरस्ता ह्या गावावरून जातो. आणि येडेश्वरीचे देवस्थान असल्यामुळे मराठवाड्याबाहेरच्या पुष्कळ लोकांसही त्याचे नाव ठाऊक असते. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास येथे मोठी यात्रा भरते व यात्रेकरू रानात उतरून चुनखडीचे खडे वेचतात. सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्या कमरेत वाकून ढेकळांतून पांढरा खडा शोधीत आहेत, आणि त्यांचे शहरात शिकणारे नातू पाय दुखले म्हणून बांधावर बसले आहेत, असा देखावा आम्ही तेथे पाहिला तेव्हा आम्हांस हसू आले. ते फार वेळ टिकले नाही. कारण त्या नातवांच्या वयाचे असताना आम्हीही बांधावर बसणाऱ्यांपैकीच होतो.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर एका प्राथमिक शाळेच्या पटांगणाशी आमची गाडी थांबली. उन्हाळ्याचे दिवस असल्यामुळे शाळा सकाळची होती. पाचपन्नास मुले रांगा धरून उभी होती आणि एक तरुण शिक्षक 'सावधान', 'विश्राम' अशा आज्ञा देत होते. हात वर जात, खाली येत, धूळ उडे. रांगेबाहेर, लिंबाच्या सावलीत, आठनऊ वर्षांची एक मुलगी गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली होती. ती आजारी आहे काय, असे आम्ही विचारता शिक्षक म्हणाले, "आजारी नाही, सर. सकाळी काही खाऊन येत नाही. उन्हात उभी केली की भोवळ येते. म्हणून मीच तिला बसवून ठेवतो. खिचडी झाली की मग तीच सगळ्यांच्या पुढे पळते." शिक्षकांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, त्यांनी आपल्यापुरता प्रश्न सोडविला होता. आमच्या मनात मात्र तो तसाच राहिला, आणि त्याच्या पाठीमागे लागून आम्ही गेले काही महिने जे जुने वाचन पुन्हा चाळले, त्यातून हा लेख उभा राहिला आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. 'तालीम' हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ शिकविणे, विद्या देणे असा आहे. महाराष्ट्रात येता येता त्याने लंगोट कसला, अंगास माती लावली आणि तो आखाड्यात जाऊन बसला. पुण्यात, साताऱ्यास, कोल्हापुरात 'तालीम' म्हटले म्हणजे कोणाच्याही डोळ्यांपुढे लाल मातीचा हौद आणि मारुतीची मूर्ती उभी राहते, फळा आणि खडू उभे राहत नाहीत. उलट निजामाच्या राज्यात शिक्षणखात्याचा जो मुख्य अधिकारी असे त्यास 'नाजिम तालीमात' म्हणत, आणि तेथे त्या शब्दाचा कुस्तीशी काडीचा संबंध नसे. येरमाळ्याचा मुलूख नेमका ह्या दोन अर्थांच्या शिवेवर वसलेला होता. एका बाजूस, बैलगाडीने एका दिवसाच्या वाटेवर, इंग्रजी अमलातील बार्शी. आणि गावाच्या माथ्यावर मोगलाई, म्हणजे हैदराबाद संस्थान. तालीम म्हणजे अंग कमावणे की अक्षर कमावणे, हा प्रश्न येथे केवळ कोशकारांचा नव्हता. पुढे १९३७ साली गांधीजींनी वर्ध्यास शिक्षणाची नवी योजना मांडली व ती 'नई तालीम' ह्या नावाने प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या शब्दास त्याचा मूळ अर्थ परत मिळाला. परंतु तोपर्यंत आपल्याकडे देहाची शाळा आणि बुद्धीची शाळा ह्यांची फारकत होऊन पुष्कळ काळ लोटला होता.

ही फारकत इंग्रजांनी केली असे म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. ती अर्धीच खरी होय. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाच्या राज्यातून अली व गुलाब नावाचे दोन मल्ल आले, त्यांच्याशी झुंजावयास कोणी पुढे होईना, तेव्हा बाळंभटदादा देवधर ह्या तरुणाने ते आव्हान घेतले व मल्लखांबाची विद्या सिद्ध करून अलीस चीत केले, ही कथा व्यायामप्रेमी मंडळींस तोंडपाठ असते. परंपरेने आलेल्या ह्या कथेतील तपशील कोणी कसाही घेवो. मल्लखांबाचा जीर्णोद्धार बाळंभटांनी केला हे निर्विवाद आहे. पण बाळंभटांची विद्या पंतोजींच्या शाळेत शिरली नाही. पंतोजी ओसरीवर धुळाक्षरे गिरवून घेत, पाढे म्हणवून घेत, आणि त्यांना ठाऊक असलेले व्यायामाचे प्रकार बहुधा शिक्षेच्याच स्वरूपाचे असत: अंगठे धरून उभे राहणे, उठाबशा काढणे. तालमीत जाणारा मुलगा आणि पंतोजींकडे जाणारा मुलगा हा कित्येकदा एकच असे हे खरे. पण दोन्हीकडे जावयास त्यास घरी दूधभाकरी असावी लागे. ज्यांच्या घरी ती नव्हती त्यांची मुले गुरांमागे जात. मुलींचा तर दोन्हीकडे प्रवेशच नव्हता. जुन्या तालमींचे गुणगान करताना ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो.

इंग्रजी शाळा आल्या आणि पहिल्या दोन पिढ्यांत एक विलक्षण भय उत्पन्न झाले. शिकलेली माणसे अल्पायुषी होत आहेत, असे लोक उघड बोलू लागले. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ साली बत्तिसाव्या वर्षी गेले. आगरकर १८९५ साली, वयाची चाळिशीही न गाठता, दम्याने गेले. त्यांचेच सहकारी टिळक मात्र धडधाकट राहिले, आणि त्याचे श्रेय महाविद्यालयातील पहिले वर्ष त्यांनी पुस्तकांऐवजी व्यायामास दिले ह्या गोष्टीस देण्याची पद्धत पडली. एका व्यक्तीच्या उदाहरणावरून सिद्धान्त बांधणे तर्कशास्त्रास मान्य नाही. परंतु समाजमन तर्कशास्त्र वाचून चालत नाही. 'टिळकांनी एक वर्ष व्यायाम केला' हे वाक्य महाराष्ट्रातील किती आईबापांनी किती मुलांस ऐकविले असेल ह्याची गणती करता यावयाची नाही. आम्हांसही ते ऐकविण्यात आले होते. आमच्या वेळच्या एका शाळेत मात्र व्यायामाचा तास वेळापत्रकावर असे आणि प्रत्यक्षात त्या तासास अंकगणित चाले. म्हणजे टिळकांचे उदाहरण घरी आणि त्रैराशिक शाळेत, असा आमचा दुहेरी अभ्यास होता.

सरकारी कागदोपत्री ह्या विषयाचा आरंभ १८८२ च्या हंटर आयोगापासून धरावा लागेल. देशी खेळ, कसरत, शाळेतील कवाईत व त्या त्या शाळेस साजेसे अन्य व्यायाम ह्यांस उत्तेजन द्यावे, अशी त्या आयोगाची शिफारस होती. शिफारशीतील पहिले दोन शब्द 'देशी खेळ' हे होते, आणि अंमलात आला तो तिसरा शब्द, कवाईत. ह्याचे कारण उघड आहे. कवाईतीस खर्च नाही. एक निवृत्त शिपाई, एक शिट्टी आणि एक मोकळी जागा एवढ्यावर ती भागते. शिवाय साहेब तपासणीस आला असता ती दिसते. हुतूतू खेळणारी मुले तपासनिसापुढे उभी करता येत नाहीत. 'कवाईत' हा शब्ददेखील अरबीच. त्याचा मूळ अर्थ नियम. महादजी शिंद्यांनी द बॉयन्याकडून कवायती पलटणी तयार करविल्या तेव्हा तो आपल्या बोलीत रुळला, आणि शंभर वर्षांनी पलटणीतून उतरून तो बिगारीच्या वर्गात आला.

येथे थोडे इंग्लंडात डोकावले पाहिजे. कारण आपण तिकडून काय आणले आणि काय तिकडेच ठेवून आलो, हे पाहण्यासारखे आहे. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यात भरती होण्यास आलेल्या गरीब वस्तीतील तरुणांपैकी पुष्कळ जण देहाने इतके खुरटलेले निघाले की त्यांना परत पाठवावे लागले. साम्राज्यकर्त्यांस त्याचा मोठा धक्का बसला. १९०४ साली त्यांच्या चौकशी समितीने शरीरऱ्हासाविषयीचा अहवाल दिला. त्याच वर्षी शाळांसाठी शारीरिक व्यायामाचा सरकारी अभ्यासक्रमही निघाला. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. १९०६ साली गरजू मुलांस शाळेत जेवण देण्याची मुभा देणारा कायदा झाला आणि १९०७ च्या कायद्याने शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. कवाईत, जेवण आणि वैद्य ही तीन पाने एकाच पुस्तकातील होती. आमच्या शिक्षणखात्याने त्यातील पहिले पान फाडून आणले, आणि पुढील दोन पानांवर आपल्या खर्चाचा आकडा पाहून पुस्तक मिटले.

अपवाद होता तो बडोद्याचा. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. ज्यास सक्तीने शाळेत आणावयाचे त्याच्या देहाची जबाबदारी सक्ती करणाऱ्यावर येते, हे साधे न्यायतत्त्व त्या राज्यास पटले असावे. कारण १९०९ साली शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी हिंदुस्थानात प्रथम झाली ती बडोदे शहरात. ह्याच बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांचे जुम्मादादा व्यायाममंदिर होते, आणि सामुदायिक व्यायामाच्या आज्ञा इंग्रजीऐवजी देशी भाषेत देण्याची रीत त्यांनी पाडली. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांच्या संपादकत्वाखाली 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड निघाले तेही बडोद्यासच. संस्थानिकांविषयी लिहिताना आमच्या लेखणीस सहसा गोडवा येत नाही. पण ह्या एका बाबतीत ब्रिटिश इलाख्यापेक्षा काही संस्थाने पुढे होती, हे मान्य करणे भाग आहे.

त्यातील औंधची कथा अधिक विस्ताराने सांगण्यासारखी आहे. बहात्तर गावांचे ते एक चिमुकले संस्थान. तेथील राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे १८६८ साली जन्मले, म्हणजे वर सांगितलेल्या भयाच्या काळातच वाढले. तरुणपणी त्यांनी सँडोचा मार्ग धरला. युजेन सँडो ह्या जर्मन बलभीमाची पुस्तके आणि त्याची डंबेल्स ह्यांचे त्या काळी जगभर वेड होते. तो स्वतः १९०४–०५ साली हिंदुस्थानात येऊन आपल्या बाहूंचे खेळ दाखवून गेला. बाळासाहेबांनी त्याची सारी साधने मागविली आणि सुमारे दहा वर्षे ती पद्धत निष्ठेने चालविली. पुढे त्यांनी ती सोडून सूर्यनमस्कार धरले. हा बदल राष्ट्राभिमानामुळे झाला असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य असेलही. पण आम्हांस त्यातील व्यवहारबुद्धी अधिक महत्त्वाची वाटते. सँडोचे साहित्य राजास परवडे. औंधच्या माळावरील धनगराच्या पोरास परवडणार नव्हते. नमस्कारास लागते काय? अंगाएवढी जमीन. ती कोणाही जिवंत माणसास मिळतेच. संस्थानच्या शाळांतून बाळासाहेबांनी नमस्कार सक्तीचे केले. मुलांस आणि मुलींसही. मुलींचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो. कारण त्या काळच्या मध्यमवर्गीय घरांत मुलीने लुगड्याचा काष्टा मारून भुईवर हात टेकणे हे कित्येकांस अब्रह्मण्यम् वाटे, आणि राजाच्या घरातील बायका नमस्कार घालतात ह्या बातमीने त्यांची तोंडे बंद झाली.

बाळासाहेबांचे नमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक १९२८ साली निघाले. १९३६ साली ते विलायतेस गेले असता लुइस मॉर्गन ह्या पत्रकार बाईंनी त्यांची गाठ घेतली आणि त्यातून १९३८ साली लंडनात नवे पुस्तक प्रसिद्ध झाले. सँडोचे पुस्तक लंडनाहून औंधास आले होते. चाळीस वर्षांनी औंधचे पुस्तक लंडनास गेले. ह्या परतफेडीत एक गंमत आहे. परंतु त्या पुस्तकाच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या हे ध्यानात राहते की, बाळासाहेब नमस्कारांइतकेच अन्नाविषयीही बोलत. पांढऱ्याशुभ्र सडलेल्या तांदळापेक्षा असडी तांदूळ, गिरणीच्या पिठापेक्षा जात्यावरील पीठ, असा त्यांचा आग्रह होता. साऱ्या देशाने त्यांचे आसन उचलले आणि पाट तेवढा तेथेच राहू दिला.

ब्रिटिश महाराष्ट्रात ह्या काळी जे घडले ते संस्थांच्या द्वारे घडले. १९०६ साली पुण्यात डेक्कन जिमखाना स्थापन झाला आणि १९१४ साली पुण्यासच खो-खोचे नियम लेखी झाले. हजारो वर्षे गल्लीत धावणाऱ्या खेळास प्रथमच कागद मिळाला. त्याच १९१४ साली अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने तेथे देशी व्यायामांची प्रात्यक्षिके करून दाखविली. १९२४ साली पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामल्यांचे महाराष्ट्रीय मंडळ आणि लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांचे कैवल्यधाम, ही दोन्ही निघाली. मुंबई इलाख्यात १९३७ साली लोकपक्षाचे मंत्रिमंडळ आले तेव्हा ह्याच कुवलयानंदांकडे शारीरिक शिक्षणविषयक समितीचे अध्यक्षपद आले, आणि १९३८ साली कांदिवलीस व्यायामशिक्षक तयार करणारी सरकारी संस्था सुरू झाली. ही नामावळी वाचून छाती फुगते. पण तीत एक उणीव आहे. ह्या बहुतेक खटपटीचा रोख कुमारांकडे व तरुणांकडे होता: माध्यमिक शाळा, महाविद्यालय, आखाडा, स्वयंसेवक. सहा ते दहा वर्षांचे खेड्यातले मूल ह्या चित्राच्या कडेलाच कोठे तरी उभे होते. राष्ट्रास सैनिक हवे होते, आणि सहा वर्षांचा सैनिक कोणास नको होता.

आता पुन्हा येरमाळ्याच्या बाजूस येऊ. निजामी अमलात प्राथमिक शाळाच विरळ होत्या. त्यापुढचे शिक्षण उर्दूतून, आणि १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दूचेच. सामान्य कुणब्याच्या मुलास अक्षर हीच पहिली पायरी उंच पडे, तेथे व्यायामाची गोष्ट कोण काढणार! पण त्याहून महत्त्वाचे असे की, त्या राज्यात खासगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी लागे, आणि आखाडा काढावयाचा तरीही लागे. वाचकांनी क्षणभर थांबून ह्याचा विचार करावा. बार्शीच्या मुलास दंड काढावयास कोणी विचारीत नव्हते. शिवेपलीकडे तेच दंड चार जणांनी एका ठिकाणी, एका उस्तादाच्या नजरेखाली काढले तर तो दरबारच्या चिंतेचा विषय होई. हुकूमशाहीस देहाचे महत्त्व लोकशाहीपेक्षा अधिक कळते, असे म्हणण्याचा मोह होतो. शाळा आणि आखाडा ह्या दोहोंस एकाच नियमाच्या दोरीने बांधणाऱ्या त्या दरबाराने, नकळत का होईना, 'तालीम' शब्दाचे दोन्ही अर्थ पुन्हा एकत्र आणले होते!

ह्याच जिल्ह्यातील हिप्परग्यास १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली आणि १९२९ साली व्यंकटेश खेडगीकर हे तिचे मुख्याध्यापक झाले. तेच पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून साऱ्या हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो संग्राम संपला. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. १९६२ साली जिल्हा परिषदा झाल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. आता दंड काढावयास कोणाची परवानगी नको होती. मग मुलांनी ते काढले काय?

ह्या प्रश्नास व्यायामाच्या इतिहासात उत्तर सापडत नाही. ते पाण्याच्या आणि धान्याच्या इतिहासात सापडते. आमच्या नागर वाचकांपैकी तरुण मंडळींनी 'नारू' हा शब्द बहुधा ऐकलेलाही नसेल. पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत, लोक पाण्यात उतरून घागरी भरीत. त्या पाण्यातील डोळ्यांस न दिसणाऱ्या जलपिसवांच्या पोटी नारूची अळी असे. पाणी प्यालेल्या माणसाच्या देहात ती सुमारे वर्षभर वाढे आणि मग पायाच्या कातडीतून हात-दीड हात लांबीचा पांढरा दोरा बाहेर पडू लागे. तो तुटू नये म्हणून काडीस गुंडाळीत रोज थोडा थोडा ओढावयाचा. तुटला तर पाय सुजून मूल आठवडेच्या आठवडे जमिनीस खिळे. ह्या रोगावर औषध नव्हते, आजही नाही. त्याचा नाश झाला तो पाणी गाळण्याने, पायऱ्या बुजविण्याने आणि हातपंपाने. १९८३–८४ च्या सुमारास देशात त्याविरुद्ध मोहीम निघाली. महाराष्ट्र हे त्या रोगाच्या राज्यांपैकी एक होते. १९९६ साली राजस्थानात शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० साली हिंदुस्थान नारूमुक्त ठरला. ज्या मुलाच्या पोटरीतून असा दोरा निघत आहे त्यास 'सावधान' म्हणणाऱ्या कवाईतमास्तरास काय म्हणावे? दक्षिणेच्या पठारावरील मुलांच्या पायांस बळ देण्याचे सर्वांत मोठे काम गेल्या शतकात कोणत्याही व्यायामशाळेने केलेले नाही. ते फडक्याने पाणी गाळणाऱ्या बायकांनी केले.

धान्याची गोष्टही अशीच. १९४६ साली भोर समितीने, देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच, असे स्पष्ट लिहिले. १९६० साली रेणुका रे ह्यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्यासाठी स्वतंत्र समिती बसली व पुढील वर्षी तिचा अहवाल आला. अहवाल आले, आणि मागून १९७२ चा दुष्काळ आला. मराठवाड्यातील आमच्या वडील पिढीस त्या वर्षाची आठवण मिलो नावाच्या तांबड्या परदेशी जोंधळ्याने आणि सुकडीने होते. आज साठी-पासष्टीत असलेली पुष्कळ माणसे सांगतात की, तोवर खडीच्या कामावर आईबापांबरोबर बसून राहणारी पोरे सुकडीसाठी रांगेत उभी राहावयास शिकली. रांग धरण्याची ती पहिली कवाईत म्हणावयाची! मद्रासच्या नगरपालिकेने १९२५ साली आणि कामराजांच्या सरकारने १९५६ साली शाळेत जेवण देऊन जे दाखविले होते, ते साऱ्या देशात यावयास १५ ऑगस्ट १९९५ उजाडावे लागले. तेव्हाही आपल्याकडे प्रथम मिळू लागले ते कोरडे तांदूळ, महिन्यास तीन किलो. आणि मूल शाळेत नियमित आले तरच. ते घरी जात आणि साऱ्या घराच्या तोंडी लागत. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्नच दिले पाहिजे असा आदेश दिला, आणि त्यानंतर महाराष्ट्राच्या शाळांत खिचडीचा वास दरवळू लागला. पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, असे तिचे प्रमाण ठरलेले आहे. इंग्लंडच्या त्या पुस्तकातील दुसरे पान आपण अशा रीतीने पंचाण्णव वर्षांनी उलटले. तिसरे पान, म्हणजे वैद्य, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला तेव्हापासून नीट उलटू लागले, आणि २०१५ पासून शाळांत जंतनाशक गोळ्याही मिळू लागल्या.

ह्यावर कोणी असे म्हणेल की, मग आता सारे यथास्थित आहे. तसे नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर शंभर बालकांत पस्तीस वयाच्या मानाने खुजी आढळली. तीच बालके आज पहिली-दुसरीच्या रांगेत उभी आहेत. ऊसतोडीच्या हंगामात ह्या भागातून कुटुंबेच्या कुटुंबे कारखान्यांकडे जातात. मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, तरी पुष्कळ मुले आईबापांबरोबर फडावर जातात, आणि फडावर ना खिचडी असते ना गोळी. आणि व्यायामाविषयी म्हणावयाचे तर कायद्याचीच गंमत पाहावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेस खेळाचे मैदान असावे असे म्हटले आहे, हे उत्तम. परंतु व्यायामशिक्षकाचा उल्लेख तेथे येतो तो सहावी ते आठवीच्या वर्गांपुरता. तोही शंभरांहून अधिक पट असेल तर, आणि अर्धवेळ. पहिली ते पाचवीसाठी व्यायामशिक्षक हा शब्दच नाही. 'खेळू, करू, शिकू' ह्या गोड नावाचे पुस्तक मुलांच्या दप्तरात असते. त्यांच्याबरोबर खेळावयाचे कोणी, ह्याविषयी कायदा मौन धरतो. एकाच गुरुजींनी भाषा शिकवावी, खिचडीचा हिशेब ठेवावा, गोळ्या वाटाव्या, आणि उरल्या वेळात कुवलयानंद व्हावे, अशी ही अपेक्षा आहे. आम्ही पटांगणात पाहिलेले शिक्षक ती हसतमुखाने पुरी करीत होते. पण हसतमुख माणसे गृहीत धरून कायदे करावयाचे नसतात.

आणि तरीही ह्या जिल्ह्याने एक नवल करून दाखविले आहे. धाराशिव हे आज साऱ्या देशात खो-खोचे गाव म्हणून ओळखले जाते. दोन खुंट, एक मोकळे पटांगण आणि जवळजवळ फुकटाचे साहित्य, एवढ्या भांडवलावर जो खेळ चालतो तो कोरडवाहू मुलुखात रुजला ह्यात आश्चर्य नाही. आश्चर्य आहे ते तेथील मुलींचे. धाराशिवच्या सारिका काळे ह्यांच्या नेतृत्वाखाली २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी खो-खोचे सुवर्णपदक मिळविले, आणि २०२० साली त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. बावीस वर्षांत खो-खोच्या वाट्यास तो आला नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली व भारताचे पुरुष आणि स्त्रिया असे दोन्ही संघ नेपाळास हरवून विजयी झाले. १९१४ साली पुण्यात लिहिलेल्या नियमांचा केवढा हा विस्तार!

पण अर्जुन पुरस्काराच्या वेळी सारिकाताईंनी जे सांगितले ते आम्हांस पदकांपेक्षा अधिक बोलके वाटते. घरच्या गरिबीमुळे जवळजवळ दहा वर्षे आपणांस दिवसातून एकच वेळचे जेवण मिळे, असे त्या म्हणाल्या. वर्तमानपत्रांनी ही गोष्ट जिद्दीचे उदाहरण म्हणून छापली, आणि ती तशी आहेच. परंतु जिद्दीचे उदाहरण म्हणून ती वाचून झाल्यावर तीच ओळ एकदा हिशेबाची ओळ म्हणूनही वाचावयास हवी. एका जेवणावर धावून जी एक मुलगी वर आली तिचे नाव आपणांस ठाऊक आहे. तिच्याबरोबर त्याच वयात, तशाच पटांगणांवर धावू लागलेल्या, आणि भोवळ येते म्हणून कोणा कनवाळू शिक्षकाने सावलीत बसविलेल्या मुलींची नावे कोणत्याही यादीत नाहीत.

त्या दिवशी आम्ही खिचडी होईपर्यंत तेथे थांबलो. यात्रेतून परतणाऱ्या गाड्या हमरस्त्यावरून भोंगे वाजवीत जात होत्या. दहाच्या सुमारास ताटल्या वाजल्या, मुले ओळीने बसली, आणि लिंबाखालची ती मुलगी हात धुऊन सर्वांच्या आधी जागेवर जाऊन बसली. जेवण आटोपले तशी ती उठली, पटांगणाच्या मध्यावर गेली, आणि कोणाच्याही आज्ञेवाचून, पायाने रेघ ओढून, खो-खोच्या पाटीवर कोणी कोणत्या तोंडाने बसावयाचे हे आपल्याहून थोराड मुलांस ओरडून सांगू लागली.